फोटो वेबसाठी सेव्ह केला की दर वेळी बिघडतो? क्वालिटीच्या स्लायडरला हात लावायच्या आधी हे बघा

हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी कुणी ना कुणी विचारतंच. शब्द वेगळे, दुखणं तेच. माझ्याकडे फोटो झकास दिसतो पण अपलोड केला की भुरकट होतो, क्वालिटी १०० ठेवली तरी अक्षरांच्या कडा फाटतात, रंग उडून गेले, फाइल ६ एमबीची झाली आणि पान उघडायला युगं लागतात... आणि सगळ्याच्या शेवटी, "तू फक्त क्वालिटी किती ठेवायची तेवढं सांग". तर तो आकडा मी सांगणार आहे, पण खाली, कारण तो आधी सांगितला की लोक बाकीचं वाचत नाहीत आणि पंधरा दिवसांनी परत तेच विचारतात. बहुतेक वेळा क्वालिटीचा काही दोषच नसतो. फोटो त्याच्या आधीच कुठेतरी बिघडलेला असतो आणि आपण स्लायडर इकडून तिकडे हलवत बसतो.

म्हणून पहिलं काम, बिघाड नक्की कुठे झालाय ते शोधायचं.

तुमच्याकडे फोटोच्या तीन फाइली असतात, पण आपण त्यांना एकच समजतो. एक मूळ फोटो, दुसरी तुम्ही एक्स्पोर्ट केलेली फाइल आणि तिसरी साइटवर आत्ता दिसतेय ती. ही तिसरी फाइल साइटवरून परत डाउनलोड करा (फोटोवर राइट क्लिक करून नवीन टॅबमध्ये उघडा आणि तिथून सेव्ह करा), आणि दुसरीच्या शेजारी ठेवून तीन गोष्टी बघा, लांबी-रुंदी किती पिक्सेल आहे, फाइल किती केबीची आहे आणि फॉरमॅट कोणता आहे. स्क्रीनशॉट काढून तुलना करू नका, त्याने काहीच कळत नाही.

दुसरी फाइलच खराब दिसत असेल तर चूक तुमच्या सेटिंगमध्ये आहे. दुसरी चांगली आहे पण तिसरीचे पिक्सेल नाहीतर केबी बदललेत, तर साइटने तुमच्या फोटोला परत कात्री लावलीय. आणि दोन्ही फाइली अगदी सारख्या असून सुद्धा पानावर भुरकट दिसतंय, तर फाइल ठीक आहे, ती दाखवण्यात घोळ आहे. एवढं कळलं की निम्मं काम झालं, खरंच सांगते, कारण या तिघांचे उपाय पूर्ण वेगळे आहेत आणि लोक तिन्हींसाठी एकच औषध घेतात, क्वालिटी वाढव.

साइट कात्री लावते म्हणजे काय, तर साइट बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरचंच घ्या. २०१९ मधल्या ५.३ पासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो टाकला की ते स्वतःच त्याची छोटी आवृत्ती बनवतं, फाइलच्या नावाच्या शेवटी स्केल्ड असं लागलेलं दिसतं ना, तीच ती. शिवाय मधले छोटे साइझ बनवतं आणि फाइल जेपेग (फोटोचं नेहमीचं फॉरमॅट) असेल तर हे साइझ ठरलेल्या क्वालिटीला सेव्ह करतं, २०१६ पासून तो आकडा ८२ आहे. म्हणजे तुम्ही १०० ला सेव्ह करून ८ एमबीची फाइल चढवलीत तरी बघणाऱ्याला ८२ वालीच दिसणार, तुमचा डेटा गेला आणि वेळ गेला तो वेगळाच. सोशल मीडिया आणि मेसेजिंग अ‍ॅप तर याहून निर्दयी असतात. तिथे एकच उपाय, ती साइट ज्या मापाला फोटो दाखवते साधारण त्याच मापाचा फोटो स्वतः बनवून चढवायचा म्हणजे तिला कापायला फार काही उरत नाही, आणि कुणाला मूळ फोटोच पाठवायचा असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा.

भुरकट दिसतंय

आता तिसरा प्रकार, फाइल चांगली पण पानावर मऊ दिसते. यात सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे पिक्सेल कमी पडतात. पानावर फोटोची जागा ८०० पिक्सेल रुंद आहे म्हणून तुम्ही बरोबर ८०० चा फोटो बनवता, हिशोब चोख आहे, पण तो जुन्या स्क्रीनचा. हल्लीच्या फोनवर आणि चांगल्या लॅपटॉपवर साइटच्या एका पिक्सेलच्या जागी आडवे दोन आणि उभे दोन, काही फोनवर तीन-तीन खरे पिक्सेल असतात. ब्राउझर तुमचा ८०० चा फोटो ताणून १६०० वर बसवतो आणि मग तो मऊ दिसणारच. म्हणून जागा ८०० ची असेल तर फोटो १६०० चा करा. तिप्पट करायच्या भानगडीत मी पडत नाही, एवढ्या बारीक पिक्सेलवर डोळ्याला फारसा फरक कळत नाही आणि फाइल मात्र फुगते.

विंडोजवाल्यांसाठी याचाच एक जुळा भाऊ आहे. डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के असतं, लॅपटॉप विकत घेतल्यापासून तसंच असतं आणि आपल्याला माहितीच नसतं. फोटोशॉपमध्ये १०० टक्के झूम म्हणजे फोटोचा एक पिक्सेल स्क्रीनच्या एका पिक्सेलवर, पण ब्राउझर मात्र स्केलिंगनुसार फोटो मोठा करून दाखवतो. म्हणजे तीच फाइल, तोच मॉनिटर, एका खिडकीत कडक आणि दुसरीत मऊ. फोटोशॉपमध्ये शार्प होता हो, असं शपथेवर सांगणारे बहुतेक लोक इथेच अडकलेले असतात आणि ते खोटं बोलत नसतात. तुलना करायचीच असेल तर दोन्ही फाइली ब्राउझरमध्येच शेजारी शेजारी उघडा.

आणि एक, फोटो लहान केला की तो थोडा मऊ होतोच. ६००० पिक्सेलचा फोटो १६०० वर आणताना बारीक तपशील एकमेकात मिसळतात. म्हणून लहान केल्यानंतर थोडंसं शार्पन करायचं असतं, म्हणजे कडा ठळक करायच्या असतात, आधी नाही. आधी केलेलं शार्पन लहान करताना बरंचसं विरघळून जातं आणि उरतं ते कडांभोवतीचं पांढरट रिंगण. शार्पन किती करायचं, तर दिसायला लागलं की जास्त झालं असं समजा.

इथेच डीपीआयचं भूत पण उतरवून टाकते. ७२ ठेवायचं की ३०० यावरून मी लोकांना भांडताना बघितलंय. डीपीआय हा फाइलमध्ये लिहिलेला एक आकडा आहे, छापताना एका इंचात किती पिक्सेल बसवायचे एवढंच तो सांगतो, आणि ब्राउझर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. १६०० पिक्सेलचा फोटो ७२ ला सेव्ह करा नाहीतर ३०० ला, पानावर तसाच दिसणार आणि फाइलचं वजन पण तेवढंच राहणार. मग ७२ केल्यावर माझी फाइल लहान कशी झाली? कारण तुमच्या इमेज साइझच्या खिडकीत रिसॅम्पलवर टिक होती, आकडा बदलताना सॉफ्टवेअरने पिक्सेल पण उडवले. उलट कुणी ३०० डीपीआयच हवं म्हणून हटून बसलं असेल तर ती टिक काढा, आकडा ३०० करा आणि सेव्ह करा. पिक्सेलला धक्काही लागत नाही आणि मागणाऱ्याचं समाधान होतं.

फाइल जड झालीय

साधा गुणाकार करून बघा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो म्हणजे ६००० गुणिले ४०००, दोन कोटी चाळीस लाख पिक्सेल. तोच १६०० रुंद केला की उंची होते १०६७ आणि पिक्सेल उरतात सतरा लाखांच्या आसपास. म्हणजे चौदा पट कमी! क्वालिटीचा स्लायडर तुम्ही कुठेही न्या, चौदा पट फरक तो फोटोची माती केल्याशिवाय देणार नाही. तरी लोक काय करतात तर फोटो ६००० चाच ठेवतात आणि क्वालिटी ३० करतात, मग आकाशात चौकोन दिसतात आणि फाइल तरीही जडच. आधी पिक्सेल कमी करा, क्वालिटी नंतर.

ते चौकोन येतात कुठून ते पण सांगते, कारण एकदा कळलं की तुम्हाला खराब जेपेग लांबून ओळखता येईल. १९९२ पासूनचं हे फॉरमॅट, ते फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातला बारीक बदल किती जपायचा आणि किती सोडून द्यायचा ते क्वालिटीच्या आकड्यावरून ठरवतं. आकडा फार खाली गेला की शेजारशेजारचे चौकोन एकमेकांशी जुळेनासे होतात आणि फरशी घातल्यासारखं दिसायला लागतं. आणि जे सोडून दिलं ते गेलंच. ५० ला सेव्ह केलेला फोटो उघडून परत ९५ ला सेव्ह केला तर फाइल फुगते, फोटो सुधारत नाही. हे मी स्वतः शिकले ते फार महागात, एका सहलीचे सगळे फोटो लहान करून मूळ फाइलींवरच सेव्ह करून टाकले होते, त्याच नावाने, त्याच फोल्डरमध्ये, रात्री एक वाजता. आता माझ्याकडे एक मूळचं फोल्डर असतं आणि त्यातली फाइल मी नुसती उघडायला पण घाबरते.

बरं, आकडा. साधारण सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे गिंप हे फुकट फोटो एडिटर वगैरे, जेपेगसाठी ७५ ते ८५. फोटोशॉपच्या जुन्या सेव्ह फॉर वेबमध्ये ६० ते ७०. फोटोशॉपच्याच साध्या सेव्ह अ‍ॅजमध्ये तर पट्टी ० ते १२ ची आहे, तिथे मी ८ किंवा ९ ठेवते. गोंधळ इथेच होतो, कुणीतरी ८० ठेव म्हणतं आणि ते वेगळंच सॉफ्टवेअर वापरत असतं. हे टक्के नाहीयेत हो, प्रत्येक सॉफ्टवेअरने आपापली पट्टी बनवलीय आणि एकाचे ८० म्हणजे दुसऱ्याचे ८० नाहीत. १०० म्हणजे काहीच न गमावता, असंही नाही. १०० ला पण थोडं काहीतरी जातंच, फक्त फाइल ८५ च्या दुप्पट-तिप्पट होते आणि डोळ्याला काही मिळत नाही. माझी पद्धत अशी, १०० टक्के झूमवर फोटोतली सगळ्यात नाजूक जागा शोधायची, केसांच्या बटा, निळं आकाश, गडद भिंतीसमोरची कड, आणि आकडा खाली आणत जायचं, खटकलं की दोन पावलं मागे यायचं. यासाठी स्क्वूश नावाचं ब्राउझरमध्ये चालणारं फुकट साधन फार छान आहे, मधली रेघ सरकवून आधीचं आणि नंतरचं शेजारी बघता येतं, खाली केबी दिसतात, आणि फोटो तुमच्या मशीनच्या बाहेर कुठे जात नाही.

पिक्सेल पण कमी केले, क्वालिटी पण ८०, तरी फाइल जड? मग दोनच गोष्टी. एक तर फोटो पीएनजीमध्ये सेव्ह झालाय. पीएनजी काहीही गमावत नाही, म्हणून फोटोसाठी ते भयंकर जड पडतं, फोटोत एकसारखा रंग कुठे नसतोच ना. स्क्रीनशॉट, लोगो, तक्ते, आकृत्या यांना पीएनजी आणि फोटोला जेपेग किंवा वेबपी (गूगलचं फॉरमॅट, त्याबद्दल खाली), एवढी वाटणी पाठ करून टाका. (पीएनजी सेव्ह करताना गिंप ० ते ९ असा कॉम्प्रेशनचा आकडा विचारतं, तो बघून लोक घाबरतात आणि ० ठेवतात. बिनधास्त ९ ठेवा, चित्रात काडीचाही फरक पडत नाही, फक्त सेव्ह व्हायला थोडा वेळ लागतो.) दुसरी गोष्ट म्हणजे मेटाडेटा, फोटोसोबत फाइलमध्ये लपून बसलेल्या नोंदी. फोटोशॉपमधल्या फाइलींमध्ये कधीकधी जुन्या फाइलींच्या नोंदींचं एवढं लटांबर साठतं, एका फाइलीतून दुसरीत कॉपी-पेस्ट करत गेलं की वाढतच जातं, की एवढ्याशा आयकॉनची फाइल एमबीमध्ये जाते. सेव्ह फॉर वेबमध्ये मेटाडेटाच्या जागी फक्त कॉपीराइट निवडलं की हा कचरा जातो. फोनने काढलेल्या फोटोत तर जीपीएसने टिपलेली जागा पण असू शकते, म्हणजे घरात काढलेला फोटो घराचा पत्ता घेऊन फिरतो. तेव्हा वजन सोडा, त्यासाठी तरी मेटाडेटा काढाच.

रंग उडाले

याच्यावर माझा एक अख्खा रविवार गेलाय. लाल फुलांचे फोटो काढले होते, लॅपटॉपवर बघितले तर लाल म्हणजे नुसतं पेटलेलं, अपलोड केले तर धुऊन वाळत घातल्यासारखे. आधी फोनला नावं ठेवली, मग मॉनिटरला, मग साइटला. शेवटी कारण निघालं माझ्याच कॅमेऱ्यात. मेनूत कलर स्पेस अशी एक ओळ असते, तिथे मी कधीतरी जास्त रंग म्हणजे चांगलंच असणार या हिशोबाने अ‍ॅडोबी आरजीबी करून ठेवलं होतं.

त्याचं असं असतं की फाइलमध्ये रंग म्हणजे नुसते आकडे. लाल २००, हिरवा ४०, असे. पण २०० म्हणजे नक्की किती लाल ते कलर प्रोफाइल सांगतं. अ‍ॅडोबी आरजीबीचा पल्ला मोठा, त्यामुळे तिथले आकडे वेगळ्या मापाचे. प्रोफाइल फाइलसोबत असेल तर ब्राउझर बरोबर उलगडा करतो, पण मेटाडेटा काढताना प्रोफाइलपण निघून गेलं (माझं तेच झालं, मगाशी सांगितलेला सल्ला मीच अर्धवट पाळला होता) की ब्राउझर त्या आकड्यांना एसआरजीबी समजतो. एसआरजीबी म्हणजे १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून मांडलेलं माप, वेबचं गृहीत धरलेलं माप तेच. मोठ्या मापाचे आकडे लहान मापाने वाचले की रंग फिके पडतात. एवढंच.

उपाय दोन टिकांचा आहे. एक्स्पोर्ट करताना कन्व्हर्ट टू एसआरजीबी आणि एम्बेड कलर प्रोफाइल, दोन्ही चालू ठेवा. प्रोफाइलचं वजन जेमतेम ३ केबी असतं, तिथे काटकसर नको. आणि एक जपा, फोटोशॉपमध्ये असाइन प्रोफाइल आणि कन्व्हर्ट टू प्रोफाइल अशा दोन गोष्टी शेजारी शेजारी असतात. कन्व्हर्ट आकडे बदलून रंग सांभाळतं. असाइन आकडे तसेच ठेवून त्यांचा अर्थ बदलतं, म्हणजे जे टाळायचं तेच करतं. छपाईसाठी बनवलेली फाइल असेल तर ती सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या शाईच्या रंगांत, आहे का ते पण बघा, तशी जेपेग साइटवर टाकली की रंग भलतेच दिसू शकतात, आधी आरजीबीमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत, आणा.

लाल अक्षरं फाटतात

बॅनरवर गडद पार्श्वभूमी, त्यावर लालभडक अक्षरं, क्वालिटी ८५, तरी कडा धुरकट आणि रंग बाहेर सांडलेला. बाकी फोटो मात्र स्वच्छ. हा प्रश्न विचारणारे फार हुशार असतात कारण त्यांनी क्वालिटी वाढवून बघितलेली असते आणि काही उपयोग झालेला नसतो.

आपले डोळे उजेड-अंधारातला बारीक फरक चटकन पकडतात, रंगातला तेवढा पकडत नाहीत. जेपेग याचा फायदा घेतं आणि उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवून रंगाची मात्र चार पिक्सेलांत मिळून एकच ठेवतं. याला क्रोमा सबसॅम्पलिंग म्हणतात, सेटिंगमध्ये ४:२:० असं लिहिलेलं दिसतं. झाडं, डोंगर, चेहरे यात हे कळतही नाही. पण काळ्यावर लाल अक्षर असेल तर उजेडाचा फरक कमी आणि रंगाचा प्रचंड, म्हणजे कड सगळी रंगावरच उभी, आणि नेमका तोच चौथाई झालेला. गिंपमध्ये एक्स्पोर्ट करताना अ‍ॅडव्हान्स्ड पर्यायांत सबसॅम्पलिंग ४:४:४ करा, अक्षरं लगेच सावरतात. वेबपी वापरत असाल तर तिथे ही सोयच नाही, लॉसी, म्हणजे थोडं गमावणारं, वेबपी कायम ४:२:० च असतं, मग काहीही न गमावणारं लॉसलेस वेबपी घ्या नाहीतर सरळ पीएनजी. खरं तर माझं मत विचाराल तर अक्षरं फोटोत भाजूच नयेत, पानाच्या कोडने, म्हणजे एचटीएमएलने, वर ठेवावीत. फोनवर वाचता येतात, शोधता येतात, चूक सापडली तर परत एक्स्पोर्ट करावं लागत नाही. पण डिझायनर ऐकत नाहीत, सोडा.

वेबपीचा विषय निघालाच आहे तर, गूगलने ते २०१० मध्ये आणलं पण सफारीने २०२० मध्ये घेतलं, म्हणून इतकी वर्षं लोक बिचकत होते. आता बिनधास्त वापरा. एव्हीआयएफ नावाचं त्याहून नवं फॉरमॅट अजून लहान फाइल देतं, क्रोमने २०२० मध्ये, फायरफॉक्सने २०२१ मध्ये आणि सफारीने २०२२ मध्ये ते घेतलं, फक्त सेव्ह व्हायला वेळ खातं, आणि जेपेगचे आकडे तिथे लावू नका, ५० ते ६० पण पुष्कळ होतात. जुन्या फोनवाल्यांची काळजी असेल तर एचटीएमएलच्या पिक्चर टॅगमध्ये एव्हीआयएफ, वेबपी आणि शेवटी जेपेग असे तिन्ही द्या, ब्राउझर आपल्याला झेपेल तो उचलतो.

आता किरकोळ पण वैताग आणणारे.

लोगोच्या मागे काळा किंवा पांढरा चौकोन आला, तर तुम्ही पारदर्शक चित्र जेपेगमध्ये सेव्ह केलंय, जेपेगला पारदर्शक माहितीच नाही. पीएनजी किंवा वेबपी घ्या. कडेला पांढरी झालर येत असेल तर ती जिफमधली किंवा ८ बिटच्या पीएनजीमधली मॅट असते. जिफमध्ये पिक्सेल एकतर पूर्ण दिसतो नाहीतर पूर्ण गायब, अर्धवट पारदर्शक असा प्रकारच नाही, म्हणून कडेचे पिक्सेल कुठल्यातरी रंगात मिसळून ठेवावे लागतात. तो रंग पानाच्या पार्श्वभूमीचा द्या, किंवा २४ बिटचं पारदर्शक पीएनजी करा आणि विषय संपवा.

आकाशात पट्टे दिसतात, संध्याकाळच्या फोटोत जास्तच. २५६ रंगांचं फॉरमॅट निवडलं असेल तर ते बदला. नसेल तर फोटोवर अगदी हलका नॉइज टाका, दाणेदार झालं की पट्टे मोडतात. फाइल थोडी वाढेल.

फोटो आडवा पडतो. फोन फोटो फिरवून सेव्ह करत नाही, बरेचदा एक्झिफमध्ये (कॅमेऱ्याने लिहिलेला मेटाडेटा) नुसती खूण करून ठेवतो की दाखवताना फिरवा. तुम्ही मेटाडेटा काढलात की खूण पण जाते आणि फोटो झोपतो. आधी एडिटरमध्ये सरळ करून सेव्ह करा, मेटाडेटा मग काढा.

आयफोनची फाइल उघडतच नाही, तर ती हाइक (HEIC) फॉरमॅटची असणार, २०१७ मधल्या आयओएस ११ पासून कॅमेरा त्यातच सेव्ह करतो. क्रोम आणि फायरफॉक्स ती दाखवत नाहीत. जेपेग करून घ्या, किंवा सेटिंगमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे मोस्ट कम्पॅटिबल निवडा. आणि कृपा करून फाइलच्या नावातलं शेपूट बदलून फॉरमॅट बदलला असं समजू नका! त्याने आतलं काहीच बदलत नाही. शंका असेल तर फाइल नोटपॅडमध्ये उघडा, सगळा कचरा दिसेल पण सुरुवातीलाच पीएनजी ही अक्षरं दिसली तर ती पीएनजीच आहे, नाव काहीही असो. (जेपीजी आणि जेपीईजी मात्र एकच, पूर्वी शेपूट तीनच अक्षरांचं चालायचं म्हणून एक अक्षर गळालं.)

ऑनलाइन फॉर्म ५० केबीच्या आत फोटो मागतो आणि सगळे क्वालिटी ५ वर नेऊन चेहऱ्याचा चिखल करतात. वरचाच गुणाकार. फोटो आधी ४०० बाय ५०० पिक्सेलचा करा, मागची भिंत साधी असू द्या, मग ८० क्वालिटीला पण बहुतेक वेळा सहज बसतो. ४९ केबी दाखवतंय तरी फॉर्म घेत नाही, असं झालं तर काही ठिकाणी केबी म्हणजे १००० बाइट धरतात आणि काही ठिकाणी १०२४, त्यामुळे अगदी काठावर राहू नका, ४५ करा आणि मोकळे व्हा. कमाल मर्यादेसोबत किमान पण असते कधीकधी, २० केबी वगैरे, ती वाचा. मी एकदा ११ केबीचा फोटो घेऊन अर्धा तास त्या फॉर्मशी भांडत होते.

आणि हे सगळं नीट केलं, नवीन फाइल चढवली, तरी साइटवर तोच जुना भुरकट फोटो दिसतोय? मग सेटिंगला परत हात लावू नका, हात जोडून सांगते. नाव तेच ठेवलंत म्हणून ब्राउझर कॅशेमधली, म्हणजे आधी साठवून ठेवलेली, जुनी प्रत दाखवतोय. कंट्रोल दाबून एफ५ मारा, त्याने तुमच्या मशीनवर दिसेल, पण बाकीच्यांकडे जुनाच राहील आणि मधे सीडीएन, म्हणजे साइटच्या फाइलींच्या प्रती ठिकठिकाणी ठेवणारी सेवा, असेल तर तिथे पण जुनाच. फाइलचं नाव बदला, शेवटी दोन लावा, तीन लावा, काहीही, आणि पानावर नवीन नावाची लिंक द्या.